रानात जाताना खांद्याला कोणती पिशवी?

आज आपण पिशवीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. मोहाचा हंगाम तोंडावर आलाय, मागोमाग तेंदू. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आपण बाया मार्च ते मे निम्मा दिवस रानातच असतो, आणि खांद्याला काय अडकवतो? बाजारची नायलॉनची पिशवी, नाहीतर पोराचं जुनं दप्तर.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने रानासाठी म्हणून पिशव्या शिवल्या. मोठ्या शिवल्या. वाटलं, पाणी, भाकर, मोबाईल आणि वरून वेचलेली फुलंही त्यातच मावतील, टोपली न्यायला नको. तिथेच चुकलो. एका पहाटे आमच्यातल्या एक काकू वाकून वेचत होत्या आणि पलीकडच्या झाडाखाली अस्वल आलं. अस्वलाला मोहफूल किती आवडतं, ते तुम्हाला सांगायला नको. बाकीच्या जणी मागे सरल्या, पण काकू पिशवी टाकेनात. पाच-सहा किलो फुलं, त्याखाली मोबाईल आणि मुलाच्या फीचे पैसे. पिशवी घसरून पोटावर आली, पाय अडकला, काकू पडल्या. अस्वल आपल्या वाटेने गेलं म्हणून निभावलं. पण मनगट मोडलं आणि तेंदूचा अख्खा हंगाम हातचा गेला. शिट्टी होती हो त्यांच्याकडे! फुलांच्या खाली.

मग आम्ही सगळ्या पिशव्या उसवल्या. आता माल वेगळा आणि सामान वेगळं. फुलं टोपलीत, टोपली जमिनीवर. ती सोडून निघता येतं. अंगावर फक्त लागणाऱ्या वस्तू: दोन लिटर पाणी, भाकर, मोबाईल, जखमेवर बांधायला धुतलेलं सुती फडकं, मीठ-साखरेची पुडी. दोन लिटर पाण्याचेच दोन किलो होतात, म्हणून भरलेली पिशवी तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका.

पट्टा दोन इंच रुंद हवा. बारीक नाडी खांद्यात रुतते. तो एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत तिरपा घ्या, पदर आणि वरचा सदरा या दोन्हींवरून. वाकलं की पिशवी पुढे येते, हे सगळ्यात वाईट. त्यासाठी कमरेला एक नाडी लावा, पण गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल. झुडपात पिशवी अडकली तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. तेंदूला तर दोन्ही हात लागतात. 70 पानांचा एक पुडा, असे किती पुडे करायचे. एक हात पट्टा सावरण्यातच गेला तर कसं व्हायचं? विकत घेत असाल तर दुकानातच पिशवी भरा, अडकवा आणि चार वेळा वाकून बघा. दुकानदार बघेना का!

कापडाचं म्हणाल तर खताच्या गोणीची पिशवी फुकटात होते, पण ती सारखी कुरकुरते. मग पाचोळ्यात काय वाजलं ते ऐकूच येत नाही. जुन्या जीन्सच्या पँटचा पाय घ्या, खालून शिवा, झाली पिशवी. चेन नको, धुळीने अडकते. झाकण आणि मोठं बटण बरं.

रंगावरून आमच्यात बराच वाद झाला. काहींना खाकी हवा होता, मळ दिसत नाही म्हणून. आम्ही मात्र झाकण लाल नाहीतर केशरी लावतो. फांद्यांआड आपली बाई कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

शिट्टी पट्ट्यावर, छातीजवळ बांधा. मान खाली केली की ओठाला लागेल अशी.

पिशवीने वाघ काही अडत नाही. उजाडल्याशिवाय निघू नका, चार-पाच जणी मिळून जा, आणि एकीने आळीपाळीने उभं राहून नजर ठेवा. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, असं वनखात्याची माणसंही सांगतात.

काकू यंदा पुन्हा येणार आहेत. त्यांची पिशवी आम्हीच शिवली. पैशांसाठी आत एक खिसा लावत होतो, तर म्हणाल्या, "खिसा नको गं बाई. पैसे घरीच राहू दे."