ज्याच्या नावावर काही नाही, त्याची पत

(बेलापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बेलापूर गाव प्रवरेच्या काठी आहे. परंतु बेलापूर नावाचे रेल्वे स्थानक श्रीरामपुरात आहे. बेलापूर कंपनी म्हणून ओळखला गेलेला साखर कारखाना हरेगावला होता. गावाच्या नावावर स्थानक झाले, कंपनी झाली, कंपनीचे मळे झाले. त्या मळ्यांत ज्यांच्या पिढ्या खपल्या त्या शेतमजुरांच्या नावावर मात्र काहीच झाले नाही. असा एखादा मजूर, किंवा त्याची बायको, दहा हजार रुपयांच्या कर्जासाठी बँकेच्या टेबलापुढे उभी राहते, तेव्हा पहिला प्रश्न नेमका हाच येतो : नावावर काय आहे? सातबारा आहे का? पगाराची चिठ्ठी आहे का? जामीनदार कोण? आणि अलीकडची भर म्हणजे, पूर्वी कर्ज घेतल्याची आणि फेडल्याची नोंद आहे का? यांतले काहीच नसेल तर बोलणे तेथेच संपते.

दहा हजार ही रक्कम लहान आहे, म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. घरावरचे पत्रे उडाले, मुलाला इस्पितळात न्यावे लागले, मुलीचे शिक्षण फीसाठी अडले, अशा वेळी तीच रक्कम कुटुंबाचे पुढचे वर्ष ठरवते.

या माणसांना पत नाही, असे जे सरसकट म्हटले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्यांची नावे वर्षानुवर्षे आहेत. महिन्यामहिन्याला रक्कम चढते, मजुरी हाती आली की उतरते. ज्याने वीस वर्षे अशी उधारी फेडली, त्याच्या पतीबद्दल दुकानदाराला शंका नसते. (एखाद्या स्त्रीने कर्ज मागितले तर बँक तिच्या पतीपेक्षा पतीची, म्हणजे नवऱ्याची, सही आधी शोधते, हा मराठी भाषेने केलेला क्रूर विनोद आहे.) परंतु ती वही दुकानाबाहेर जात नाही. फेड होते, तिचा पुरावा उरत नाही.

याहून ठळक उदाहरण उसाच्या फडात दिसते. हंगाम सुरू झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या साखर पट्ट्यात उतरतात. त्या येण्यापूर्वीच त्यांच्या हातात उचल पडलेली असते. मुकादम ही उचल देताना सातबारा मागत नाही, जामीनदार मागत नाही, जुनी नोंद मागत नाही. भूमिहीनाला विनातारण आणि विनाविलंब मिळणारे या प्रदेशातले सर्वांत मोठे कर्ज कदाचित हेच असेल. मग मुकादम बँकेपेक्षा उदार आहे काय? तसे मुळीच नाही. त्याने तारण घेतलेले असते. फक्त ते कागदावर दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि त्या कोयत्याची सहा महिन्यांची मेहनत हेच ते तारण. तोडलेल्या टनांतून उचल वळती होते. आजारपण आले, बाळंतपण आले, पाऊस पडून फड बंद राहिला, तर बाकी फिरते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. मजुरीचा भाव करण्याची वेळ येण्यापूर्वीच मजुरी विकली गेलेली असते. उचलीपोटी माणसाला कामाशी जखडून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचाच विषय आहे, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. तरीही उचल चालते. कारण ऐन गरजेच्या दिवशी पैसा देणारे दुसरे दार उघडे नसते.

तेव्हा प्रश्न पत आहे की नाही हा नाही. गरिबाची पत कोण मोजतो आणि कशात मोजतो, हा आहे.

नगर जिल्ह्याला, आजच्या अहिल्यानगरला, हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पाहता पाहता तो या जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे भागात पसरला. त्या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर, खतांवर. ते ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. ज्याला वाचता येत नव्हते त्याला आपण कोणत्या कागदाने बांधले गेलो आहोत हे मात्र नेमके ठाऊक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्यावर लिहिलेला आकडा डोळे मिटून न स्वीकारता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सावकारांनी त्यावरही तोड काढली आणि गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याकडे अनेकांचा कल वाढला.

सहकारी पतपेढ्यांचा १९०४ चा कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. त्यामागची जर्मनीतल्या रायफायझनची कल्पना आज पुन्हा आठवण्यासारखी आहे. एका गावातली माणसे एकमेकांना ओळखतात. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोण अडचणीत सापडलेला, हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी एकमेकांची जबाबदारी घेतली की त्या ओळखीचीच पत होते. लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये पतसंस्था उभी केली आणि पुढे १९५० मध्ये प्रवरेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे मूळ या विश्वासात आहे. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सहकाराने माणसाची पत हळूहळू जमिनीच्या पतीत विरघळवली. सभासद व्हायचे तर शेती हवी, पीककर्ज हवे तर पीक हवे. ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा १९५४ चा अहवाल सांगतो की १९५१-५२ साली शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के होता आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास. त्यानंतर सहकार वाढला, खूप वाढला. सोसायटीच्या कट्ट्यावर भूमिहीनाला बसायला जागा मिळाली. खतावणीत मिळाली नाही.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ मध्ये विभेदक व्याजदराची योजना आली : अतिगरिबाला चार टक्के दराने कर्ज, आणि बँकांनी आपल्या एकूण कर्जांच्या एक टक्का इतके ते द्यावे. समाजवादी विचाराच्या दृष्टीने यात एक मूलभूत गोष्ट मान्य झाली होती. कमी उत्पन्न ही कर्ज नाकारण्याची सबब न राहता ते सवलतीने देण्याचे कारण ठरले होते. पुढे काय झाले? योजना रद्द करण्याची गरज पडली नाही. तिची उत्पन्नमर्यादा तशीच ठेवली की पुरे. २००७-०८ च्या सुमारास ती अखेरची वाढवली गेली तेव्हा ग्रामीण कुटुंबासाठी वर्षाला १८,००० रुपये ठरली आणि कर्जाची कमाल रक्कम १५,०००. महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षातले ५८ दिवस खडी फोडली की ते कुटुंब ‘अतिगरीब’ उरत नाही!

ऐंशीच्या दशकातल्या कर्जमेळाव्यांनी आणि १९९० च्या कर्जमाफीने गरिबांची परतफेडीची सवय बिघडवली, असा आक्षेप बँकेचे अधिकारी घेतात. तो पूर्णपणे खोटा नाही. मंत्र्याच्या हस्ते टाळ्यांच्या गजरात दिलेले कर्ज घेणाऱ्याला बक्षीस वाटले तर दोष एकट्या घेणाऱ्याचा नव्हे. दहा हजारांच्या कर्जाला दहा लाखांच्या कर्जाइतकेच कागद आणि जवळजवळ तितकाच वेळ लागतो, हेही खरे. पण मोठ्या कर्जाचे निर्लेखन होते आणि लहान कर्जाची थकबाकी होते, हा शब्दांतला फरक उगाच पडलेला नाही.

आता नव्या कागदाकडे यावे. देशात पत-माहितीची पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. कर्जदाराला ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याला गुणच नसतात. त्याच्या नावापुढे उणे एक असाही आकडा लागतो. दुकानदाराची वही, मुकादमाची उचल, भिशी, वेळेवर भरलेले घरभाडे, यांतले काहीही त्या गुणांत येत नाही. १८७५ चा शेतकरी कागदावर फार काही लिहिले गेले म्हणून नाडला गेला. आजचा मजूर कागदावर काहीच लिहिले गेले नाही म्हणून नाडला जातो.

या पोकळीत सूक्ष्म-वित्त कंपन्या शिरल्या. त्या घरापर्यंत येतात, तारण मागत नाहीत, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात त्यांच्या वसुलीतून जो हाहाकार उडाला त्यानंतर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजावर मर्यादा घातली. १ एप्रिल २०२२ पासून ती मर्यादा उठली. त्याच नियमांनी काही संरक्षणे मात्र दिली, आणि ती वस्त्यांवर कोणी सांगत नाही. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारणच द्यायचे. सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणी करायची, आणि सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही.

व्याजाचा हिशेब हा कार्यकर्त्याच्या अभ्यासाचा पहिला धडा असावा. दहा हजारांवर दरमहा शेकडा पाच, म्हणजे वर्षाला सहा हजार. परवानाधारक सावकाराला २०१४ च्या राज्य कायद्याखाली बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्के ठरवून दिले गेले, म्हणजे अठराशे. विभेदक दराने चारशे. आणि ‘फक्त बारा टक्के, बारा हप्ते’ असे सांगून मूळ रकमेवर सरळ व्याज लावले, तर फिटत गेलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते आणि खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो. चार आकडे फळ्यावर लिहिले की कोणत्याही भाषणाची गरज उरत नाही.

ज्याच्यापाशी नोंद नाही त्याने ती निर्माण कशी करावी, याचे काही मार्ग आज आहेत. डाकघरातल्या आवर्ती ठेवीत महिना शंभर रुपयांपासून भरता येतात. बारा हप्ते नियमित भरले की जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, आणि त्याचे व्याज ठेवीच्या दराहून दोनच टक्के अधिक. रक्कम क्षुल्लक असेल, पण ती मागायला कोणाच्या पाया पडावे लागत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन खात्यावर २०१८ पासून दहा हजारांपर्यंत जादा उचलीची सोय आहे, तीतले पहिले दोन हजार विनाअट. खाते सहा महिने नीट चालवलेले हवे. पगारदारांच्या पतसंस्था टिकल्या त्या सहकार कायद्याच्या ४९ व्या कलमाने वसुली पगारातून परस्पर होते म्हणून. रोजंदारीवरच्या माणसाला असे कलम नाही. त्याला बचत गटाच्या परस्पर जबाबदारीचाच आधार. १९०४ ची जुनी कल्पना बायकांनी वस्तीवस्तीवर पुन्हा जिवंत केली आहे, ती अशी.

हे सर्व करूनही बँक नाही म्हणेल. तेव्हा दोन गोष्टी हाताशी हव्यात. केवळ पूर्वीच्या कर्जाची नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळवले आहे, आणि अर्थखात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत तेच सांगितले. दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. लहान कर्जाचा अर्ज फेटाळला तर त्याची मुख्य कारणे लेखी द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या आचारसंहितेचा दंडक आहे. बँकेत अर्जच घेतला जात नाही, तोंडी वाटेला लावले जाते, ते यासाठीच. अर्ज नाही, म्हणून नकार नाही, म्हणून तक्रारही नाही.

म्हणून येत्या आठवडे बाजाराच्या दिवशी बेलापूरच्या कार्यकर्त्यांनी बँकेच्या दाराशी एक टेबल मांडावे. येणाऱ्याचा अर्ज भरून द्यावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, नाही म्हणतील तर कारण लिहून मागावे. दीडशे वर्षांपूर्वी या जिल्ह्याने कागद जाळले होते. या वेळी ते गोळा करायचे आहेत. पन्नास लेखी नकार जमले की ते घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येईल, आणि एकही लेखी नकार द्यायला बँक धजली नाही तर त्या पन्नास अर्जांचे काय केले, हे तिला सांगावे लागेल.