माझा जुन्या नाण्यांचा छंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या जुन्या नाण्यांविषयी सांगा." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

ह्या छंदाची सुरुवात माझ्या एका चुकीने झाली. आमच्या मामंजींच्या डबीत रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाचे एक लहानसे तांबूस नाणे होते. एका बाजूस बादशहाचे तोंड, दुसऱ्या बाजूस भालेवाले दोन शिपाई. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी ते थोडक्या पैशांत घेतले होते. मी नवी सून. दिवाळीची भांडी घासताना ते काळपट दिसले, म्हणून चिंच आणि राख लावून लखलखीत केले. शिपाई पुसले गेले! मामंजींनी नाणे उजेडात धरून पाहिले, "छान चमकते हो," एवढेच म्हणाले आणि डबीत ठेवून दिले. तो काळा-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, तोच नाण्याला राखतो, हे मला पुढे कळले. तोवर मामंजी गेले होते. क्षमा मागायची राहूनच गेली.

मग मी विचारत विचारत शिकले. जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वीचे नाणे स्वस्त कसे, असे तुम्ही विचाराल. अहो, अशी नाणी तेव्हा लाखांनी पाडली. लोकांनी मडक्यांत घालून पुरून ठेवली, ती अजून निघतात. सोन्याची मात्र महाग, आणि खोटीही पुष्कळ. आपल्यासारखीने त्या वाटेला जाऊ नये.

रोम दूर खरे, पण त्याचा व्यापार आपल्या दारी होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पुस्तकात आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचे नाव आहे. तिथला बुरुड राजाचा कोट म्हणजे बौद्ध स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला, तेव्हा आत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती नहपान राजाची. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने जिंकल्यावर आपला छाप मारलेला होता.

मला सर्वांत आवडते ती तेरची गोष्ट. तिथे रोमन नाण्यांसारखी मातीची पदके निघाली आहेत, वर ओवायला कडी केलेली. सोने परवडत नसेल अशा कोणा बाईने ती गळ्यात घातली असतील, असे मला वाटते. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळीसुद्धा मूळची व्हेनिसचे नाणेच. परदेशचे नाणे गळ्यात घालायची हौस आपल्याकडे जुनीच आहे!

आता दोन गोष्टी सांगते. नाणे कडेने धरावे, घासू नये, कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर किंमत व तारीख लिहावी. परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे व पावती मागावी. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेला बहुधा सांध्याची रेघ दिसते, ती पाहावी. आणि विहीर किंवा गाळ्याचा पाया खणताना आपल्या वालीवात जुने धन निघाले, तर ते वाटून घेऊ नये की सोनाराकडे वितळवू नये. कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ सालापासून कायदा आहे. वितळलेल्या नाण्याबरोबर गावाची हकीकतही वितळते.

घरखर्चातून वाचवून मी आजवर अकरा नाणी जमवली आहेत. पाहायला जरूर या. पहिल्या पाकिटात मामंजींचे ते चकचकीत नाणे आहे. त्यावर मी लिहिले आहे, "माझ्या हातून पुसले गेले." मुले विचारतात, मी खरे ते सांगते. तेवढीच माझी क्षमा.