आपली हकीकत कशी लिहायची
(पुण्यात शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींच्या शिबिरातलं भाषण)



तुम्ही आंबेगाव, जुन्नर, खेडकडून इथं शिकायला आलात. सुट्टीत घरी गेलात की वनहक्काचा दावा लिहायला तुम्हालाच बसवणार. म्हणून हे बोलते.

कायदा 2006 चा, नियम 2008 चे. नियम 13 नुसार दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तो पुरावा आहे. जमिनीवरची झोपडी, बांध हाही पुरावा. एकावर भागत नाही, एकापेक्षा जास्त लागतात.

आपण काय लिहितो? ‘आम्ही पिढ्यानपिढ्या जमीन कसत आहोत, आमच्यावर अन्याय झाला.’ खोटं नाही, पण हे कुठल्याही गावाला चालतं. एकाचं बघून चाळीस जणांनी उतरवलं तर वाचणारा दुसऱ्या पानावरच थांबतो.

त्यापेक्षा असं लिहा : ताली कुणी घातल्या, दगड कुठून आणले, राब कुठं भाजत होतो, खाली भात आणि वर नाचणी-वरई कधीपासून, बांधावरचा हिरडा कुणाच्या वेळचा. उद्या वनहक्क समिती पाहणीला येईल तेव्हा कागदावरची ताल जागेवर सापडली पाहिजे.

म्हाताऱ्यांना सन विचारू नका, सांगता येत नाही. ‘72 च्या दुष्काळात इथं काय पेरलं होतं? डिंभ्याचं धरण बांधत होते तेव्हा तुझं लग्न झालेलं का?’ असं विचारा. ते बोलतील तसंच लिहा. आजी ‘आवणी’ म्हणाली तर ‘भातरोपांची पुनर्लागवड’ करू नका, ती आपल्या कॉलेजातली भाषा!

आणि फुगवू नका. ‘शंभर वर्षांपासून’ कशाला? 75 वर्षांची अट बिगर-आदिवासींना आहे. आपल्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचाय, आणि तो आजही आहे हे. एक गोष्ट वाढवून सांगितलेली सापडली की खऱ्या दहा गोष्टींवरही शंका घेतात.

बायांचं वेगळं लिहून घ्या. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, मग हकीकत एकट्या बाप्याचीच का? खुरपणी कुणी केली, हिरडा कुणी वेचला, ते तीच सांगेल.

लिहून झालं की सांगणाऱ्याला सगळं मोठ्यानं वाचून दाखवा. ‘असं नव्हतं’ म्हणाला तर खोडा, परत लिहा. अंगठा त्यानंतरच घ्यायचा.