वाचकाच्या दाराचे तीन मार्ग

मासिक छापून टपालांत टाकलें कीं प्रकाशकाचें काम संपे, असा एक काळ होता. आज पुष्कळसा मजकूर पडद्यावर वाचला जातो, आणि तो पोंचविण्याचे तीन मार्ग आहेत: ईमेल, वेब आणि ॲप. यांतील निवड वरवर पाहतां यंत्रज्ञाची वाटते. परंतु वाचक आणि लेखन यांच्यामधील दाराची किल्ली कोणाच्या हातीं राहावी, हा त्यांतला खरा प्रश्न आहे.

ईमेल या तिघांत वडील. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश धाडला, तेव्हांपासून ही रीत चालत आली. अंक वाचकाच्या पेटींत आपण होऊन जाऊन पडतो. प्रकाशन बंद पडलें तरी जुने अंक वाचकापाशीं राहतात. आणि वर्गणीदारांच्या पत्त्यांची यादी प्रकाशकाच्या ताब्यांत असते. मात्र ती पेटी जाहिरातींनीं रोज भरते, आणि एकदां सुटलेल्या पत्रांतील चूक दुरुस्त करतां येत नाहीं.

वेबची योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली, आणि १९९३ सालीं संस्थेनें ती सर्वांस विनामूल्य खुली केली. येथें चूक सुधारतां येते, लेखाचा दुवा कोणासही देतां येतो, आणि कोणाच्या परवानगीची गरज पडत नाहीं. परंतु वाचकानें आठवण ठेवून यावें लागतें.

ॲप दिसण्यांत सुबक, आणि इंटरनेट नसतांनाही वाचतां येण्याजोगें. पण तें मिळतें परक्याच्या दुकानांत. २०११ सालीं ॲपल कंपनीनें तेथें भरल्या जाणाऱ्या वर्गणींतून ३० टक्के वाटा मागितला. वर्गणीदारांशीं आपला थेट संबंध तुटूं नये म्हणून लंडनच्या ‘फायनॅन्शियल टाइम्स’नें त्याच वर्षीं आपलें ॲप तेथून काढून घेतलें आणि वाचकांस वेबवर नेलें. उलट ‘द डेली’ हें दैनिक २०११ च्या फेब्रुवारींत केवळ आयपॅडसाठीं म्हणून निघालें, आणि पुढच्याच वर्षीं, २०१२ च्या डिसेंबरांत, बंद पडलें.

म्हणून सुज्ञ प्रकाशकानें मूळ अंक वेबवर ठेवावा, तो निघाल्याची वर्दी ईमेलनें द्यावी, आणि इंटरनेटवांचून वाचणारे पुष्कळ असतील तरच ॲपचा खर्च करावा. वर्गणी भरणाऱ्या गृहस्थानेंही आधीं एक गोष्ट विचारावी: हें दुकान उद्यां मिटलें, तर वाचलेल्यांतलें घरांत काय उरेल?