घरात फोन एक, माणसं चार



आज आपण कुलुपाविषयी बोलणार आहोत. दाराच्या कुलुपाविषयी नव्हे, फोनच्या. फोनच्या आत खोल्या पाडता येतात आणि प्रत्येक खोलीला वेगळे कुलूप घालता येते. ते कसे, हे आज पाहू.

आपल्या वर्गाला येणाऱ्या पुष्कळ घरांत मोठा फोन एकच असतो. सकाळी तो घरधन्याबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परत आला की आधी मुलगा झडप घालतो. त्याला खेळ खेळायचा असतो. मग मुलीला शाळेचा अभ्यास उतरवून घ्यायचा असतो. सासूबाईंना कीर्तन ऐकायचं असतं. सगळं आटपून सुनेच्या हाती फोन येतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि बॅटरी संपत आलेली असते. फोन कुणाचा, असं विचारलं तर सगळे म्हणतात, "घराचा." बरोबर आहे. घर सगळ्यांचं, चूल सगळ्यांची. पण ट्रंक? ट्रंक ज्याची त्याची असते. लग्नात आलेली पेटी सून आपल्या किल्लीनं उघडते. तीत दुसरं कुणी हात घालत नाही, आणि घातला तर लोक त्याला नावं ठेवतात.

मग फोनमध्ये आपापली ट्रंक का असू नये?

पूर्वी गावात पत्र येई. ज्याचे पत्र त्याला वाचता येत नसे. मग पोस्टमन ओट्यावर बसून वाचून दाखवी. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याने काय लिहिले आहे, हे बायकोच्या आधी पोस्टमनला कळे आणि ओट्याशी जमलेल्या शेजारणींनाही कळे. उत्तर लिहायला मास्तर लागत. मास्तरांसमोर काय सांगणार? "इकडे सर्व खुशाल" एवढेच. मनातले मनातच राही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, मोठी माणसे पाटी घेऊन बसू लागली. अक्षर येण्याचा एक मोठा लाभ हाच होता, की आपले पत्र आपण वाचावे, आपणच घडी घालून ठेवावे.

आता पत्राची जागा फोनने घेतली आहे. आपल्याला वाचताही येते. पण पत्र मात्र पुन्हा ओट्यावर आले आहे. दवाखान्यातून बाईच्या तपासणीचा निकाल येतो आणि तो आधी मुलाच्या डोळ्यांसमोर पडतो. मैत्रिणीने मुलीला काही विचारलेले असते, ते भाऊ मोठ्याने वाचतो आणि सगळे हसतात. मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही, सांगतही नाही. बचत गटाच्या वहीचे फोटो बाईने जपून ठेवलेले असतात, आणि खेळाला जागा हवी म्हणून पोरगं ते पुसून टाकतं. पोराला ओरडून काय उपयोग? त्याला कुणी सांगितलं होतं की ते फोटो म्हणजे वीस बायकांचा हिशेब आहे?

तुम्ही म्हणाल, घरात काय लपवायचं? हा प्रश्न आम्हाला प्रत्येक वर्गात ऐकू येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्या खिशात फोन असतो. आम्ही उलट विचारतो, आंघोळीच्या मोरीला पडदा का लावता? तिथं काही चोरी चालते का? लपवणं वेगळं आणि आपलं आपल्यापाशी ठेवणं वेगळं.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हा विषय आला होता. आधारच्या खटल्यात निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे अर्जदार होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो निकाल सरकार आणि नागरिक यांच्याबद्दल होता, सासू आणि सुनेबद्दल नव्हता, हे खरे. पण जो हक्क माणसाला सरकारसमोर आहे, तो घराच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर संपतो, असे आम्हाला वाटत नाही.

आता कामाकडे वळू.

बाजारात जे फोन मिळतात त्यांतले बहुतेक अँड्रॉइड या यंत्रणेवर चालतात. तुमच्या फोनवर 'प्ले स्टोअर' असे चित्र असेल तर तो अँड्रॉइड समजा. एका फोनवर अनेक माणसांच्या वेगळ्या जागा करण्याची सोय या यंत्रणेत फोनांसाठी २०१४ साली आली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ ती आपल्या हातात आहे. पण दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

सेटिंग्ज उघडा. त्यात 'सिस्टम' असे लिहिलेले असेल, तिथे जा. आत 'एकाहून अधिक वापरकर्ते' किंवा इंग्रजीत 'मल्टिपल यूजर्स' अशा अर्थाची ओळ शोधा. फोनफोनाप्रमाणे शब्द आणि जागा बदलतात. ओळ सापडली नाही तर सेटिंग्जच्या माथ्यावर भिंग असते, त्यात 'यूजर' टाईप करा. ओळ सापडली की ती सोय चालू करा आणि 'वापरकर्ता जोडा' यावर बोट ठेवा. नाव विचारील. नाव द्या. मग फोन त्या माणसाच्या हाती द्या, आणि तुम्ही तोंड फिरवा. हे फार महत्त्वाचे. नव्या जागेचे कुलूप त्या माणसाने स्वतः घालायचे. आकडा असो, नक्षी असो, बोटाचा ठसा असो, तो त्याचाच. "मी लावून देतो, तू लक्षात ठेव" असे म्हणणाऱ्याने कुलूपही दिले आणि किल्लीही खिशात ठेवली.

आणि हो, मुख्य जागेलाही कुलूप हवे. कित्येक फोन नुसते बोट सरकवले की उघडतात.

एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना फोनच्या माथ्यावरून दोन बोटांनी खाली ओढा. माणसाच्या डोक्याचे गोल चित्र दिसेल. त्यावर बोट ठेवले की नावे येतात. आपले नाव निवडा, कुलूप उघडा, आत चला. इथले फोटो वेगळे, ॲप वेगळी, भिंतीचे चित्रसुद्धा वेगळे. सासूबाईंची कीर्तने सासूबाईंपाशी आणि पोराचे खेळ पोरापाशी. पोराच्या जागेत गटाच्या वहीचे फोटो दिसतच नाहीत, मग पुसणार काय?

पण मंडळी, वेगळा संसार मांडला तरी नळ एकच असतो. तो कुठे कुठे एक राहतो, हे नीट समजून घ्या, नाहीतर खोट्या भरवशावर राहाल.

पहिला नळ सिमचा. दुसऱ्या जागेतून फोन लावायचा असेल, एसएमएस पाहायचा असेल, तर मालकाने तशी परवानगी द्यावी लागते. परवानगी दिली की कुणाला फोन केला याची यादी आणि एसएमएस दोघांनाही दिसतात. दिली नाही तर एसएमएस मालकापाशीच. दोन्हीकडून मालकाला दिसतेच. आता विचार करा. बँकेचा संदेश एसएमएसने येतो. ओटीपी एसएमएसने येतो. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. पुष्कळ खात्यांना नंबर मात्र नवऱ्याचा किंवा दिराचा जोडलेला होता. खाते तिचे, आणि पैसे आल्याची बातमी दुसऱ्याला. अशा वेळी फोनमध्ये खोली पाडून भागत नाही. तिथे नंबरच स्वतःचा लागतो.

म्हणून आम्ही वर्गातल्या बायांना सांगतो, मोठा फोन घ्यायची ऐपत नसेल तर बटणांचा साधा फोन घ्या आणि सिम आपल्या नावावर काढा. तो नंबर बँकेत जाऊन खात्याला जोडा आणि आधारला जोडा. बँकेचा एसएमएस बटणांच्या फोनवरही येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मोठ्या फोनात खोली आणि कमरेला छोटा फोन, ही जोडी चांगली जमते. पैसे पाठवायची ॲप मात्र फोनात घातलेल्या सिमशी बांधलेली असतात. ती दुसऱ्या खोलीत नीट चालतीलच असा भरवसा धरू नका.

दुसरी गोष्ट मालकीची. फोन पहिल्यांदा ज्याने सुरू केला तो मालक. मालकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही, पण खोली पाडून टाकता येते. एका बोटाने. आतले फोटो, कागद, सगळे जाते आणि परत येत नाही. भांडण झाले, फोन हळू चालू लागला, की पहिली कुऱ्हाड या खोलीवर पडते. तेव्हा महत्त्वाचा कागद एकाच ठिकाणी ठेवू नका. गटाच्या वहीचा फोटो दुसऱ्या सभासद बाईकडेही पाठवून ठेवा. दाखला, गुणपत्रिका छापून पिशवीत ठेवा.

जागेचाही हिशेब असतो. प्रत्येक खोली फोनची साठवण खाते. ३२ जीबीच्या फोनात चार संसार थाटले तर फोन रडत चालेल. अशा फोनात दोन खोल्या पुरेत. एक मोठ्यांची आणि एक मुलांची करता की एक नवऱ्याची आणि एक बायकोची, हे घरात बसून ठरवा. आमचे मत विचाराल तर बायकोची आधी करा. मुलाला खेळायला दुसरी युक्ती आहे.

ती अशी. जिथून वापरकर्ता जोडतो तिथेच 'अतिथी' म्हणून एक नाव असते. अतिथी म्हणजे पाहुणा. पाहुण्याच्या खोलीत मूल खेळते, बाहेर पडताना 'पुसून टाका' म्हटले की सारे पुसले जाते. शेजारीण म्हणाली, "जरा फोन द्या हो, एक व्हिडिओ बघायचाय," तर तिलाही पाहुण्याची खोली द्या. तिला राग यायचे कारण नाही, पाहुण्याला आपण माजघरात नेत नाही, ओसरीवर बसवतो. सुरक्षेच्या पानात 'ॲप पिन करणे' अशीही एक सोय असते. एकच ॲप पडद्यावर खिळवून फोन मुलाच्या हाती देता येतो. बाहेर पडताना कुलूप विचारायला लावले, की मूल त्यातून निघत नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्या फोनात ही ओळ नाहीच. असे होते. पुष्कळ कंपन्या ही सोय काढून टाकतात. सॅमसंगच्या फोनात सहसा ती नसते, पण 'सिक्युअर फोल्डर' असतो. शाओमीच्या पुष्कळ फोनांत 'सेकंड स्पेस' असते. २०२४ साली आलेल्या अँड्रॉइड १५ मध्ये 'प्रायव्हेट स्पेस' आहे. ही एका माणसाची चोरकप्प्यासारखी जागा आहे, तिला फोनच्या कुलुपाहून वेगळे कुलूप निवडा. ॲपलच्या आयफोनात अशा खोल्या नसतात. आणि काहीच नसेल तर निदान एवढे करा, सेटिंग्जमध्ये सूचनांच्या पानात जाऊन कुलूप असताना संदेशाचा मजकूर पडद्यावर दिसणार नाही असे ठेवा. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून एकेका संभाषणाला कुलूप घालता येते, तेही शिकून घ्या.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. ज्या घरात मारहाण आहे, त्या घरातल्या बाईने हे सगळे जपून करावे. खोलीचे नाव मालकाला यादीत दिसते. "हे कुलूप कशाला?" म्हणून हात उठायला तेवढे कारण पुरते. तिथे फोनच्या खोलीवर विसंबू नये. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, पण घरच्या फोनवरून लावला तर यादीत राहतो. शेजारणीच्या फोनवरून लावावा, आशाताईंच्या फोनवरून लावावा, नाहीतर वर्गाला यावे आणि आमच्या फोनवरून लावावा. आम्ही काही विचारणार नाही, बाहेर जाऊन उभे राहू. ओटीपी सांगून किंवा दुसऱ्या फसवणुकीने पैसे गेले असतील तर नंबर वेगळा, १९३०. तिथे जितक्या लवकर कळवाल तितके बरे.

घरी हा विषय कसा काढायचा, असेही काही जणी विचारतात. भांडणाच्या दिवशी काढू नका. आम्ही असे पाहिले आहे, की पोराच्या खेळापासून सुरुवात केली तर पुरुषमाणसे लवकर तयार होतात. "पोरानं तुमच्या कामाचे नंबर पुसले तर?" एवढे म्हटले, की खोली पाडायला ते स्वतःच बसतात. एकदा पोराची खोली झाली, की "माझीपण एक करा" म्हणायला जड जात नाही. आणि भावांनो, तुम्हीही ऐकताय ना? बायकोने कुलूप घातले म्हणून फोन तिच्या हातून ओढून घेऊ नका. तुमच्या पाकिटात ती हात घालत नाही.

पुढच्या गुरुवारी फोन घेऊन या. घरून चार्ज करून आणा, इथे प्लग दोनच आहेत. ज्यांचा फोन घरधन्याजवळ असतो त्यांनी त्यांनाही बरोबर आणावे. कुलुपाचा आकडा घरूनच ठरवून या, आणि तो जन्मतारखेचा नको. ती घरात सगळ्यांना पाठ असते.