रानातील हजेरीपट



शाळेतील एका दिवसाच्या हजेरीवरून गावातील शिक्षणाची स्थिती ठरविता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांचे हजेरीपट चाळावे लागतात. वन्य पशुपक्ष्यांनाही हाच न्याय लागू पडतो. जैवविविधता वाढत आहे की घटत आहे, हे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेल्या मोजणीतूनच कळते.

गिधाडांचे उदाहरण बोलके आहे. राजस्थानातील केवलादेव येथे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची नोंद ठेवली होती. पुढील दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा मोठी घट उघडकीस आली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसावाटे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तथापि, १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली होती. आधीची नोंद नसती, तर ही हानी ध्यानी येण्यास आणखी विलंब लागला असता.

अहिल्यानगर जिल्ह्याचा अनुभवही उद्बोधक आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य झाले आणि संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली. सोलापूर व या जिल्ह्यातील माळरानांवर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. तो पक्षी मात्र राज्यात बोटांवर मोजण्याइतकाच उरला. दोघेही माळरानाचेच रहिवासी, पण दोघांचे कल परस्परविरुद्ध. म्हणून एकाच प्राण्याच्या संख्येवरून संपूर्ण रानाचा निष्कर्ष काढू नये. त्याचप्रमाणे उसात बिबट्या वारंवार दिसला, एवढ्यावरून बिबटे वाढले असेही म्हणता येत नाही. दिसणे वेगळे आणि मोजणे वेगळे.

राहाता परिसराच्या शेतीला गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळते. हा कालवा नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघतो. तेथील जलाशय राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरला. आशिया खंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून हा क्रम चालू आहे. राहात्यातील शाळांनाही आपल्या गावतळ्यावर असा उपक्रम सहज राबविता येईल. तेच तळे, तीच जागा, सकाळची तीच वेळ आणि तितकाच अवधी, एवढे पथ्य पुरेसे आहे. एखादा पक्षी दिसला नाही, तर त्यापुढे शून्य अवश्य लिहावे. शून्य हीदेखील नोंदच होय.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. परंतु एकदाच लिहून कपाटात ठेवलेली नोंदवही म्हणजे एका दिवसाची हजेरी. जन्ममृत्यूच्या नोंदीप्रमाणे ती सतत भरली गेली, तरच शेजारचा एखादा जीव गैरहजर राहू लागल्याची वर्दी गावाला वेळीच मिळेल.