काचेत शिरलेला पावसाळा

रायपुरात सध्या पाऊस आहे आणि आजचा विषय आहे फॉस्फेट काच. या दोघांचं जमत नाही.

खिडकीच्या काचेचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे वाळूचा. हिचा फॉस्फरसचा. अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि सोडियम कार्बोनेट खलात घोटायचं आणि मुशीत हळूहळू तापवायचं. घाई केली तर आतून निघणाऱ्या वायूंमुळे मिश्रण दुधासारखं उतू जातं. मग 900 ते 1000 अंश सेल्सिअसला वितळवून गरम पितळी पत्र्यावर ओतलं की झाली नितळ चकती. पण ही चकती उघड्यावर राहिली की चिकट होऊ लागते. हवेतलं पाणी फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हा पूल तोडतं आणि तिथं हायड्रॉक्सिल गट बसतात.

खरा घोळ होतो तो मोजताना. वाहकता मोजायला चकतीच्या दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट लावतात. आत वीज वाहून नेतात ते सोडियमचे आयन, आणि खोलीच्या तापमानाला ते फार मंद असतात. जुलैत मात्र चकतीच्या कडेवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि प्रवाह त्या आडवाटेनं जातो. मीटरवर मोठा आकडा, विद्यार्थी खूश! तापवत नेलं की शंभर अंशांच्या आसपास वाहकता आधी घसरते आणि मगच चढू लागते. आलेखातला हा खळगा नवा शोध म्हणून प्रबंधात घालायचा मोह होतो. घालू नका. कोरड्या नायट्रोजनमध्ये चकती थंड करत पुन्हा मोजा. खळगा नाहीसा झाला, तर तुम्ही आधी पाणी मोजत होता.

प्रकाशाच्या कामातही हेच पाणी नडतं. निओडिमियम घातलेली फॉस्फेट काच 1053 नॅनोमीटरच्या आसपास लेसर प्रकाश देते. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत अशा 3,000 हून जास्त लाद्या आहेत. 5 डिसेंबर 2022 रोजी तिथं 2.05 मेगाजूल लेसर ऊर्जा देऊन अणुसंमीलनातून 3.15 मेगाजूल मिळाली. अशा काचेत हायड्रॉक्सिल राहिले, तर निओडिमियमची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच त्यांच्या कंपनात जिरते. म्हणून वितळलेल्या रसातून कोरडे वायू सोडून पाणी काढतात. पाणी उरलंय का, हे अवरक्त वर्णपटात 3 मायक्रॉनच्या आसपास पाहिलं की कळतं.

पाण्यावर जुना उपाय आहे लोखंडाचा ऑक्साइड. भिलाई शेजारी असताना लोखंडाची काय कमी! काच चांगली टिकाऊ होते, पण काळी पडते, आणि वीजही आता लोहाच्या एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारणारे इलेक्ट्रॉन नेतात. म्हणजे पाण्याबरोबर प्रकाशही गेला आणि मोजायची वस्तूच बदलली. पारदर्शकता हवी असेल तर थोडं ॲल्युमिनियम ऑक्साइड घाला. भट्टी मात्र जास्त तापवावी लागेल.

आणि चकती लगेच डेसिकेटरमध्ये ठेवा. त्यातलं निळं सिलिका जेल गुलाबी झालं असेल, तर आधी ते ओव्हनमध्ये सुकवून घ्या.